पीसीवरच्या गाण्यांचा आवाज सुधारायचाय? डीएसी मागवायच्या आधी या चुका टाळा

आधी माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. लॅपटॉपला स्पीकर जोडले की सारखा घूंऽऽ आवाज यायचा, गाणं बंद असलं तरी. एक दोस्त म्हणला लॅपटॉपचं साउंड कार्डच बेकार असतंय, बाहेरून डीएसी, म्हणजे डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारी डबी, लाव, म्हणून दोन हजाराचा मागवला, लावला, आणि घूं जशास तसं. पुढं मे महिन्यात एका दुपारी लाइट गेली. स्पीकर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर होते, लॅपटॉपचा चार्जर साध्या पॉइंटवर, म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर आला, आणि घूं एकदम गायब! दोन हजार घालून जे कळलं नाही ते लाइट गेल्यावर फुकटात कळलं.

तर चूक नंबर एक हीच, आवाज कुठं बिघडायलाय ते न शोधता सामान मागवणं. घरघर येत असेल तर लॅपटॉपमधून चार्जर काढून बघा. थांबली तर दोष चार्जर आणि अर्थिंगकडचा. नाही थांबली तर ऑडिओ वायर लॅपटॉपच्या बाजूनं उपसून बाजूला धरा, पिनला बोट न लावता, तरी घरघर चालूच असेल तर भानगड स्पीकरच्या ॲम्प्लिफायरची नाहीतर त्या वायरची. दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडं अर्थिंगचा विषय जरा जास्तच आहे. काळ्या मातीला एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो, आणि माती वाळली की तिच्यातून करंट नीट जात नाही. चार्जिंग चालू असताना लॅपटॉपच्या पत्र्याच्या बॉडीवर बोट फिरवलं की झिणझिण लागती का? मग आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग चेक करून घ्या, खड्ड्यात अधूनमधून पाणी टाकत जा, आणि स्पीकर आणि चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. मी तेवढंच केलं, घूं गेलं. तरी राहिलं तर दोन-चारशे रुपयांत ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, ऑडिओ वायरच्या मधी लावायचा. पण काहीजण घरघर घालवायला चार्जरची तिसरी पिनच मोडतात, ते मात्र अजिबात करू नका बाबांनो, शॉक बसला की गाणी ऐकायला कोण उरणार. आणि हो, स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असला तर लाइट गेल्यावर स्पीकर उलट जास्त बोंबलतात, तो त्या इन्व्हर्टरचा गुण आहे, स्पीकरला शिव्या देऊ नका.

आता फाइल. सीडीचा आवाज म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, सेकंदाला १४११ किलोबिट. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत त्याचा अकरावा हिस्सा उरतो. व्हिडिओवरून काढलेलं गाणं कन्व्हर्टरमधून ३२० चं केलं, नाहीतर एफएलएसी (आवाज न कापता साठवणारी फाइल) केलं, तरी गेलेला आवाज परत येत नाही, फाइल नुसती फुगती. स्पेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात गाणं टाका, ते गाण्यातल्या खालच्या-वरच्या फ्रिक्वेन्सीचं चित्र काढतं. नाव ३२० चं आणि चित्र १६ किलोहर्ट्झला सुरीनं कापल्यासारखं सपाट दिसलं तर बहुतेक कुणीतरी १२८ चीच फाइल फुगवलेली आहे. कानानं तपासायचं तर गोंधळाचं चांगलं रेकॉर्डिंग लावा. नीट फाइलमध्ये संबळावर पडलेली काडी सुटी ऐकू येती, तुणतुण्याची तार वेगळी. खराब फाइलमध्ये दोन्ही मिळून पाण्यात बोलल्यासारखा चिखल होतो.

तिसरी गोष्ट, व्हॉल्यूम. व्हीएलसीमध्ये १०० च्या वर नेऊ नका, तिथून पुढं आवाज फाटायला लागतो. इक्वलायझरमध्ये बास वर ओढायचा असेल तर प्रीॲम्प, म्हणजे तिथलाच एकूण आवाजाचा स्लायडर, तेवढाच खाली घ्या, बास ६ डेसिबल वर तर प्रीॲम्प ६ खाली. विंडोजमधले ऑडिओ एन्हान्समेंट बंद करून टाका, फूबार२००० सारखा साधा प्लेयर घ्या. लॅपटॉपचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण ठेवा आणि कमीजास्त स्पीकरच्या बटनावर करा, नाहीतर सिग्नल बारीक आणि सूंऽऽ मोठा अशी गत होती.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं मधीच फोनवर ऐकल्यासारखं वाटायला लागलं तर घाबरू नका, कोणतं तरी मीटिंगचं ॲप मागं चालू असतंय आणि त्यानं माइक धरलेला असतोय. मग हेडफोन हँड्स-फ्री मोडमध्ये जातो, स्टिरिओ जाऊन मोनो होतो. ॲप बंद करा, नाहीतर माइक लॅपटॉपचा निवडा.

स्पीकर कुठं ठेवलेत हे तर कुणी बघतच नाही. एक कपाटावर, एक खिडकीत, आणि वर म्हणायचं बास घुमायलाय. कोपऱ्यात कोंबला की बास घुमणारच. दोन्ही कानाच्या उंचीला आणा, भिंतीपासून हातभर पुढं, दोघांमधलं अंतर तेवढंच तुमच्यापासून. शहाबादी फरशी आणि वर पत्रे असतील तर खोली नुसती खणखणती, अशा वेळी मागच्या भिंतीला आजीची जाड वाकळ टांगा. मी टांगलीय, घरचे हसले, पण गायकाचे शब्द सुटे ऐकू यायलेत. स्पीकरला लाल-काळ्या वायरी असतील तर दोन्हीकडं सारख्याच जोडल्यात का बघा. एकीकडं उलट झाली की बास पातळ होतो आणि गायक मधी न राहता खोलीभर पसरतो.

एवढं करून पैसे उरले तर ते स्पीकरवर घाला. खोक्यावर दहा हजार वॅट पीएमपीओ (क्षणभराचा फुगवलेला आकडा) लिहिलंय म्हणून भुलू नका, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी खरी ताकद, किती ते विचारा, तो आकडा बघून बऱ्याचदा हसू येतं. जुन्या म्युझिक सिस्टीमचे लाकडी स्पीकर भंगारात बरे मिळतात, त्यांना टीपीए३११६ चिपचा छोटा ॲम्प्लिफायर बोर्ड आणि जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर चालतो, फक्त प्लस-मायनस बघून जोडा.

माझा तो दोन हजाराचा डीएसी आता भाच्याकडं आहे. त्याच्या पीसीच्या पुढच्या जॅकला माउस हलवला की किर्रकिर्र यायची. मागच्या जॅकला लावून बघितलं, तरी थोडी राहिलीच. डीएसी लावला आणि बंद झाली, म्हणजे त्याचं घर शेवटी सापडलं म्हणायचं.