जुन्या शिडाच्या होडीची रंगरंगोटी : वर्कशॉपमध्ये या चुका टाळा

फायबरची जुनी शिडाची होडी किनाऱ्यावरून आणून जळगाव किंवा भुसावळच्या वर्कशॉपमध्ये नव्याने रंगवायची असेल, तर किनाऱ्यावरचे वेळापत्रक येथे उपयोगी पडत नाही. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि तापमान १० अंशांनी वाढले की इपॉक्सी (दोन घटक कालवले की घट्ट होणारे रेझिन) साधारण दुप्पट वेगाने घट्ट होते. म्हणून एकाच वेळी डबाभर मिश्रण कालवू नये. थोडेसे कालवून पसरट भांड्यात ओतावे.

याहून मोठी चूक कूलरची. कूलर हवा गार करतो ती पाण्याच्या बाष्पाने, आणि हेच बाष्प ताज्या इपॉक्सीवर मेणचट थर आणते व दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाची चकाकी घालवते. कारागिरांचे हाल होतात हे खरे, तरी रंगाचा हात सुकेपर्यंत कूलर बंदच असावा. काम सकाळी उरकावे हे उत्तम. मेणचट थर आलाच, तर तो पाण्याने घासून धुवावा आणि नंतरच पॉलिश पेपर मारावा.

नवा रंग सुरकुतला, तर खाली बहुधा एका डब्याचा साधा ऑइल पेंट असतो. कामापूर्वी थिनरचा बोळा जुन्या रंगावर काही मिनिटे दाबून ठेवावा. रंग मऊ झाला, तर तो पूर्ण खरवडण्यावाचून गत्यंतर नाही.

डेकवरील (होडीच्या वरच्या सपाट भागावरील) फिटिंग बसवताना फटी बुजवायला सिलिकॉन वापरण्याची सवय तर सोडावीच. त्याचा अंश पृष्ठभागावर राहिला, की पुढच्या रंगाला जागोजागी खड्डे पडतात. पॉलिसल्फाइड सीलंट अधिक बरा. डेकच्या पोटात प्लायवूड किंवा बाल्सा (एक हलके लाकूड) असेल, तर बोल्टचे भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे व त्यातून पुन्हा योग्य मापाचे भोक घ्यावे; अन्यथा पाणी झिरपून आतले लाकूड कुजते आणि वरचा रंग कितीही चांगला असला तरी डेक पायाखाली दबू लागतो.

पॉलियुरेथेनची फवारणी तोंडाला रुमाल बांधून कदापि करू नये. त्यातील आयसोसायनेट या रसायनामुळे कायमचा दमा जडू शकतो. त्यासाठी बाहेरची शुद्ध हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल, तर रोलर आणि ब्रशनेच रंग द्यावा, मात्र तेव्हाही योग्य फिल्टरचा मास्क, हातमोजे आणि खेळती हवा हवीच.