‘शेल्टर’ला मराठीत कुठे काय म्हणायचं

सूचना किंवा बातमी लिहिताना ‘शेल्टर’ आला की हात आपसूक ‘आश्रय’ लिहून मोकळा होतो. निम्म्या वेळा तो चुकतो. आधी दोन गोष्टी बघा: बचाव कशापासून करायचाय आणि किती वेळ.

सर ओसरेपर्यंतच थांबायचं असेल तर माणूस आडोशाला उभा राहतो, नाहीतर कुणाच्या तरी वळचणीला. या दोन्हींत फरक आहे. आडोसा वाऱ्यालाही चालतो. भिंत, उभी ट्रॉली, उसाचा फड, कशाचाही होतो, डोक्यावर छप्पर हवंच असं नाही. वळचण म्हणजे छपराची भिंतीबाहेर आलेली कड, जिथून पागोळ्या गळतात. पुढारी सत्तेच्या वळचणीला जातात तेव्हाही चित्र तेच: घरात शिरकाव नाही, पण भिजणंही नाही. ‘पावसापासून आश्रय घेतला’ यात व्याकरणाची चूक नाही, पण पाटण-महाबळेश्वरकडे पावसाळे काढलेला माणूस असं बोलत नाही.

मुक्काम पडणार असेल तर निवारा. ऊन, पाऊस, थंडी निवारतो तो निवारा, म्हणून अन्न-वस्त्राच्या जोडीला तोच शोभतो. मात्र जागेला स्वतःचं नाव असेल तर ते सोडू नका: ऊसतोड मजुरांची कोपी, फलटणच्या पालखीतळावरची राहुटी, दुष्काळात माण-आटपाडीकडची चारा छावणी. एसटीच्या थांब्यावर ‘प्रवासी निवारा’ रंगवलेलं असतं. तोंडात पिकअप शेडच.

आसऱ्यात देणारा माणूस दिसतो. ‘रात्रीपुरता आसरा द्या’ ही विनवणी आहे, तिथे ‘निवारा द्या’ म्हटलं की सरकारकडे केलेली मागणी वाटते. आश्रय वजनदार शब्द आहे, त्यामागे सत्ता किंवा जोखीम असते: राजाश्रय, फरारी आरोपीला दिलेला आश्रय. आपल्याच माणसाची चूक झाकली तर पाठीशी घातलं म्हणा. थारा बहुतेक नकारातच येतो, ‘अफवांना थारा देऊ नका’. आणि नदीकाठच्या मजकुरात ‘आसरा’ जरा जपून, कारण डोहाकाठच्या साती आसरा म्हणजे जलदेवता. जुनी माणसं भलतंच वाचतील.

सगळ्यात महागात पडते ती पुराच्या सूचनेतली चूक. ‘नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी आश्रय घ्यावा’ या वाक्यात ठिकाणही नाही, वेळही नाही. सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. लोक रोज हे आकडे विचारतात, तेव्हा सूचनाही या आकड्यांनाच बांधा:

‘आयर्विनला पाणी ४० फुटांवर गेलं की खालच्या गल्लीतल्यांनी शाळेतल्या निवारा केंद्रात यावं. चालू औषधं, आधार कार्ड, रेशन कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यावं. जनावरं आधीच सोडवून माळावरच्या शेडमध्ये बांधावीत.’

गल्ली, शाळा आणि शेड यांची खरी नावं घाला. फूट आपल्या गावाच्या उंचीप्रमाणे बदला. त्याहून सखल भागात ४० फुटांची वाट बघणं उशिराचं ठरतं. जनावरांचं वाक्य जागा पुरत नाही म्हणून गाळू नका, गोठ्यात म्हैस बांधलेली असताना घरधनी उंबरा ओलांडत नाही.