मेलबर्नची सहल आखताना या चुका टाळा

मेलबर्नहून परतलेल्या अनेक कुटुंबांची एक तक्रार सारखीच असते: शहर फार आवडले, पण निम्मा वेळ गाडीत गेला. या तक्रारीचे मूळ घरी बसून केलेल्या यादीत असते. सहल कंपन्यांच्या पत्रकांत ‘मेलबर्न’ या एका नावाखाली छापलेली ठिकाणे प्रत्यक्षात तीन वेगळ्या दिशांना विखुरलेली आहेत. ट्वेल्व्ह अपोसल्स हे समुद्रातले सुळके नैर्ऋत्येला सव्वादोनशे किलोमीटरपेक्षा जास्त अंतरावर आहेत, पेंग्विनसाठी प्रसिद्ध असलेले फिलिप आयलंड आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटरवर आहे, तर पफिंग बिली ही वाफेच्या इंजिनाची जुनी गाडी पूर्वेकडच्या डँडेनाँग डोंगररांगेत धावते. मध्ये पोर्ट फिलिपचा विस्तीर्ण उपसागर असल्यामुळे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचे तर बहुतेक वेळा शहरातूनच वळसा घ्यावा लागतो. म्हणून या शहराचा बेत दिशा, वार आणि सूर्यास्ताची वेळ या तीन गोष्टी समोर ठेवून आखावा, असे मी आग्रहाने सांगेन. खाली दिलेल्या बहुतेक चुका या तिन्हींपैकी एखादी गोष्ट विसरल्यामुळेच होतात.

सुट्टी आपली, ऋतू त्यांचा

महाराष्ट्रातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते तेव्हा मेलबर्नमध्ये पानगळ संपत आलेली असते आणि जूनमध्ये हिवाळा सुरू होतो. हिवाळ्यात दिवसाचे कमाल तापमान साधारण १४ अंशांच्या आसपास राहते आणि जूनमध्ये संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर थोड्याच वेळात सूर्य मावळतो. सकाळी दहाला आरामात निघून चार ठिकाणे पाहण्याची सवय असलेल्या कुटुंबाला अशा दिवसांत दोनच ठिकाणे नीट पाहता येतात. डिसेंबर-जानेवारीत याच्या उलट स्थिती असते. उजेड रात्री साडेआठपर्यंत असतो, परंतु पारा अधूनमधून चाळीस अंशांच्या पुढेही जातो. दिवाळीच्या सुट्टीत तिथे वसंत ऋतू असतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी माझ्या मते हाच काळ सर्वांत सोयीचा आहे. मात्र मे-जूनमध्येच जावे लागत असेल तर निराश होण्याचे कारण नाही. मेमध्ये डँडेनाँगच्या बागांमधली पानगळ अजून रेंगाळलेली असते, आणि हिवाळ्यात वॉर्नाम्बूलजवळच्या लोगन्स बीचवर सदर्न राइट जातीचे देवमासे पिलांना घेऊन किनाऱ्याजवळ येतात.

सरासरी तापमान पाहून सामान भरणे ही याच विषयातली दुसरी चूक. मेलबर्नच्या उत्तरेला खंडाचा तापलेला कोरडा अंतर्भाग आहे आणि दक्षिणेला थंड महासागर आहे. उत्तरेचा वारा वाहत असताना दुपार भाजून काढते, आणि दक्षिणेकडून थंड हवेची आघाडी सरकली की तासाभरात तापमान दहा अंशांनी किंवा त्याहूनही अधिक उतरते. त्यामुळे एक जाड कोट नेण्यापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे आणि वारा अडवणारे पातळ जाकीट नेणे शहाणपणाचे ठरते. छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही. आकाश ढगाळ असले तरी सप्टेंबर ते एप्रिलच्या दरम्यान उन्हातली अतिनील किरणे तीव्र असतात, म्हणून टोपी आणि सनस्क्रीन वगळू नये.

तारखा पक्क्या करण्याआधी शहराचे खेळांचे वेळापत्रकही पाहावे. जानेवारीतली ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धा, मार्चच्या सुमारास आल्बर्ट पार्कमध्ये होणारी फॉर्म्युला वन शर्यत, सप्टेंबरअखेरीचा ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा अंतिम सामना, नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारची मेलबर्न कप घोड्यांची शर्यत आणि २६ डिसेंबरला सुरू होणारा कसोटी सामना या काळात हॉटेलांचे दर चढतात आणि खोल्याही लवकर भरतात. नाताळच्या दिवशी आणि गुड फ्रायडेला बहुतेक दुकाने बंद असतात, याचीही आधीच नोंद घ्यावी.

मुक्काम कुठे, त्यावर दिवस ठरतो

मराठी पर्यटकांपैकी अनेकजण मुलाकडे, मुलीकडे किंवा भाच्याकडे उतरतात, आणि ही घरे बहुधा टार्नीट, पॉइंट कुक किंवा वेरिबी अशा पश्चिमेकडच्या उपनगरांत असतात. घरचे जेवण आणि माणसांचा सहवास यांची सर हॉटेलला येत नाही, हे खरे. परंतु तिथून पफिंग बिलीसाठी बेलग्रेव्हला किंवा पेंग्विनसाठी फिलिप आयलंडला जायचे म्हणजे संपूर्ण शहर ओलांडावे लागते, आणि कामाच्या दिवशी सकाळी वेस्ट गेट पुलावर वाहने अडकली की ठरवलेली वेळ चुकते. पश्चिमेच्या घरातून ट्वेल्व्ह अपोसल्सकडे नेणारा ग्रेट ओशन रोड, जिलाँग शहर आणि वेरिबीचे खुले प्राणिसंग्रहालय हे दिवस सोपे जातात. पूर्वेच्या ठिकाणांसाठी एक-दोन रात्री शहराच्या मध्यभागी किंवा थेट फिलिप आयलंडवर काढाव्यात. मध्यवस्तीसाठी वेगळे दोन दिवस ठेवून तेव्हा गाडी घरीच ठेवावी, कारण तिथे वाहनतळाचे दर बरेच जास्त आहेत आणि चालण्यातच त्या भागाची गंमत आहे.

ग्रेट ओशन रोड एका दिवसात उरकणे

सर्वांत जास्त लोक ज्या चुकीमुळे हळहळतात ती ही. टॉर्कीपासून अलन्सफर्डपर्यंत सुमारे २४० किलोमीटर लांबीचा हा रस्ता पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, आपल्या मृत सोबत्यांचे स्मारक म्हणून, बहुतांशी कुदळ-फावड्याने खोदून काढला. त्याला केवळ पोहोचण्याचे साधन मानणे मला पटत नाही. समुद्राकाठची वळणे, लॉर्नचा किनारा, केनेट रिव्हरच्या परिसरातल्या निलगिरीच्या झाडांवरचे कोआला आणि ऑटवेचे ओलसर जंगल या साऱ्यांना खिडकीतून निरोप देत दुपारी तीनला ट्वेल्व्ह अपोसल्सपाशी पोहोचायचे, अर्धा तास छायाचित्रे काढायची आणि अंधारात परतायचे, असा तो दिवस बारा तासांहून मोठा होतो आणि हाती थोडेच लागते. त्यातून पर्यटक बसगाड्याही दुपारच्या त्याच वेळेला तिथे येतात.

अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेल येथे एक रात्र राहिल्यास संध्याकाळचा आणि सकाळचा, असे दोन्ही प्रकाश मिळतात. अपोसल्सच्या पुढे काही मिनिटांवर असलेली लॉख आर्ड गॉर्ज ही घळ तर अनेकजण वेळेअभावी सोडूनच देतात. १८७८ मध्ये लॉख आर्ड हे जहाज या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरील केवळ दोघेच वाचले. पुढे असलेल्या लंडन ब्रिज या नैसर्गिक कमानीचा एक भाग १९९० मध्ये कोसळला, तर २००५ मध्ये अपोसल्सपैकी एक सुळका ढासळला. लाटा हा किनारा अखंड कोरत आहेत, म्हणून कड्याच्या टोकावरचे कुंपण ओलांडून छायाचित्र काढणे हा थेट जिवाशी खेळ आहे.

एक दिवसच हातात असेल, तर जाताना आतल्या बाजूने कोलॅकमार्गे सरळ अपोसल्स गाठावे आणि परतताना समुद्राकाठचा रस्ता घ्यावा. त्यामुळे सकाळी गर्दी कमी मिळते, आणि शिवाय त्या दिशेने गाडी समुद्राच्या विरुद्ध बाजूने चालत असल्याने नवख्या चालकाला कड्याची धास्ती कमी वाटते. मात्र तिन्हीसांजेला कांगारू अचानक रस्त्यावर येतात, म्हणून अंधार पडण्याआधी टॉर्की गाठण्याचा हिशेब ठेवावा. या दिवसाला फिलिप आयलंड जोडू नये. पेंग्विन किनाऱ्यावर येतात ते सूर्यास्तानंतर, म्हणजे डिसेंबरमध्ये रात्री नऊच्या सुमारास. त्यानंतर दोन तास गाडी चालवून परतायचे असते. तिथे पेंग्विनची छायाचित्रे काढण्यास मनाई आहे, उघड्यावर बसावे लागते आणि उन्हाळ्यातही गार वारा झोंबतो, म्हणून शाल किंवा ब्लँकेट जवळ असावे. तिकिटे सुट्टीच्या काळात आधीच संपतात.

ट्राममधला गैरसमज

मध्यवस्तीत ट्राम फुकट आहे हे ऐकून लोक निर्धास्तपणे कुठेही जातात आणि दंड भरतात. फुकट प्रवासाचा टापू म्हणजे मधला चौकोन, डॉकलंड्स आणि क्वीन व्हिक्टोरिया मार्केटचा परिसर एवढाच. सेंट किल्डाचा किनारा, बोटॅनिक गार्डन आणि मेलबर्न क्रिकेट मैदान त्याच्या बाहेर आहेत. टापूची हद्द संपण्यापूर्वी मायकी हे प्रवासभाड्याचे कार्ड यंत्राला लावावे लागते. ट्रामच्या आत तिकीट विकत मिळत नाही आणि वाहकही नसतो, त्यामुळे कार्ड आधीच एखाद्या सेव्हन-इलेव्हन दुकानातून किंवा स्थानकातून घ्यावे. उलट, संपूर्ण प्रवास फुकट टापूतच असेल तर कार्ड लावू नये, अन्यथा विनाकारण पैसे कापले जातात.

मध्यवस्तीत गाडी चालवणाऱ्यांनी ‘हूक टर्न’ समजून घ्यावा. काही चौकांत उजवीकडे वळण्यासाठी ट्रामच्या रुळांवर न थांबता डाव्या कडेला थांबून आडव्या रस्त्याचा सिग्नल हिरवा झाल्यावर वळायचे असते. ट्राम थांबून तिचे दरवाजे उघडले की मागच्या गाड्यांनी थांबलेच पाहिजे. सिटीलिंक आणि ईस्टलिंक या टोल रस्त्यांवर नाकाच नसतो, कॅमेरा क्रमांक टिपतो. म्हणून भाड्याची गाडी घेताना टोलची व्यवस्था आणि लहान मुलांच्या आसनाची सोय स्पष्ट विचारून घ्यावी. सात वर्षांखालील मुलाला मांडीवर घेऊन बसणे तिथे बेकायदेशीर आहे.

वार आणि वेळ

क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ पासून भरणारा बाजार आहे आणि तो दिवसा सोमवारी व बुधवारी बंद असतो. नेमक्या याच दिवशी तिथे पोहोचलेले पर्यटक नेहमी दिसतात. शहरातले अनेक कॅफे दुपारी तीन-चारला आवरतात, बरीच दुकाने सहाच्या आत बंद होतात आणि उपाहारगृहांचे स्वयंपाकघर आपल्या जेवणाच्या वेळेपर्यंत चालू असेलच असे नाही. रात्री साडेनऊला शाकाहारी जेवण शोधत फिरण्यापेक्षा सातला जेवून घ्यावे.

क्रिकेट मैदान सामना नसलेल्या दिवशी मार्गदर्शकासह पाहता येते. डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅडलेडला ३६ धावांत गारद झालेल्या संघाला अजिंक्य रहाणेने कर्णधार म्हणून ११२ धावा करून याच मैदानावर विजय मिळवून दिला. मराठी माणसाने तिथे सामन्याशिवायही जावे.

सामानातले पदार्थ

मुलांसाठी नेलेले डबे विमानतळावर अडकतात, हा आईवडिलांना फार लागणारा प्रसंग असतो. ऑस्ट्रेलियाचे जैवसुरक्षेचे नियम अत्यंत कडक आहेत. दूध आणि खव्याचे पदार्थ, ताजी फळे, भाज्या, मांस, बियाणे, फुलांचे हार आणि मातीचे बूट यांवर त्यांचे विशेष लक्ष असते. पेढे आणि बर्फी घरीच ठेवावीत. चकली, मसाले, लोणचे असे जे काही न्याल ते प्रवेशाच्या कार्डावर न चुकता जाहीर करावे. जाहीर केलेला पदार्थ फार तर काढून घेतात, लपवलेल्या पदार्थासाठी मात्र मोठा दंड होतो आणि व्हिसाही रद्द होऊ शकतो. औषधांबरोबर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी ठेवावी.

भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी साधारणपणे सबक्लास ६०० हा व्हिसा लागतो. तो हाती येण्याआधी परतावा न मिळणारी तिकिटे काढू नयेत. भारताचा ऑस्ट्रेलियाशी वैद्यकीय उपचारांचा परस्पर करार नाही, म्हणून ज्येष्ठांसाठी आधीचे आजार समाविष्ट करणारा विमा घ्यावाच.

बेत बिघडला तर

पाऊस किंवा प्रचंड उकाडा आला तर दिवस वाया जात नाही. स्टेट लायब्ररीचे १९१३ मधले घुमटाकार वाचनालय, नॅशनल गॅलरी, म्युझियम, १८७० मधली रॉयल आर्केड आणि चायनाटाऊन यांत दिवस सहज भरतो, आणि यातले बरेचसे विनामूल्य आहे. म्हणून बाहेरगावच्या सहली पहिल्या दिवसांत ठेवाव्यात आणि शहराचे दिवस शेवटी, म्हणजे हवामान पाहून अदलाबदल करता येते. उंच इमारतीवरून शहर पाहण्याचे तिकीट मात्र स्वच्छ आकाश दिसल्यावरच काढावे.

उन्हाळ्यात ‘टोटल फायर बॅन’, म्हणजे उघड्यावर आग पेटवण्यास पूर्ण बंदी, जाहीर झाला तर तो गांभीर्याने घ्यावा. ७ फेब्रुवारी २००९ रोजी मेलबर्नमध्ये ४६.४ अंश तापमान नोंदले गेले आणि त्या दिवशीच्या वणव्यांत १७३ माणसे दगावली. अशा दिवशी जंगलातल्या वाटा बंद असू शकतात आणि पफिंग बिलीही डिझेल इंजिनावर चालते. व्हिकइमर्जन्सी हे आपत्तीचे इशारे देणारे अ‍ॅप फोनवर ठेवावे.

समुद्रात उतरणे असेल तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच उतरावे. जानेवारी २०२४ मध्ये फिलिप आयलंडच्या फॉरेस्ट केव्हज या जीवरक्षक नसलेल्या किनाऱ्यावर भारतीय वंशाच्या चौघांचा बुडून मृत्यू झाला. शांत दिसणाऱ्या पाण्याखाली खेचून नेणारा प्रवाह असू शकतो, आणि पोहता येणाऱ्या माणसालाही तो आवरत नाही. संकटात ०००, म्हणजे तीन शून्ये, हा क्रमांक फिरवावा.

परतीच्या तिकिटावर विमानतळाचे नाव पुन्हा एकदा वाचावे. टुलामरीन हा मुख्य विमानतळ शहरापासून सुमारे २३ किलोमीटरवर असून तिथे रेल्वे जात नाही, सदर्न क्रॉस स्थानकावरून बस मिळते. देशांतर्गत काही उड्डाणे मात्र जिलाँगजवळच्या अ‍ॅव्हलॉन विमानतळावरून सुटतात, आणि तो शहरापासून पन्नास किलोमीटरपेक्षा दूर आहे.