दवाखाना चालवत निवडणूक लढवणाऱ्या नव्या डॉक्टरांसाठी

निवडणुकीचे वारे वाहू लागले की एखादा तरुण डॉक्टर हमखास विचारतो, "सर, उभा राहू का?" मी तालुक्याच्या गावात एक टर्म नगरसेवक होतो, एवढीच माझी लायकी.

आधी कागद बघा. सरकारी नोकरीत असाल तर राजीनामा मंजूर झाल्याशिवाय अर्ज भरायचा नाही. राखीव वॉर्डात जात वैधता लागते, दोन अपत्यांची अट आहे, घरपट्टी-पाणीपट्टी थकलेली चालत नाही. हे काम वकिलावर सोपवा.

खरी गंमत पुढे. डेंग्यूच्या दिवसांत एका मावशींचं बीपी घेत होतो. पट्टा दंडाला गुंडाळलेला असतानाच त्या म्हणाल्या, "धुराचं मशीन कधी येणार?" डास साठलेल्या पाण्यात वाढतात, धुराने उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात, हे मी दहा वर्षं पेशंटना सांगत आलो होतो. नगरसेवक झाल्यावर मात्र मुकाट्याने मशीन मागवलं! पिंप कोरडं करा म्हटलं की मतं मिळत नाहीत, धूर सगळ्यांना दिसतो. सोबत घरोघरी पिंपं पालथी करून घेतली, त्याचा मात्र फोटो कुणी काढला नाही.

माझी चूक वेगळीच. सभा, लग्नं, दहावं यांच्या नादात संध्याकाळची ओपीडी बंद केली. सहा महिन्यांत गावात बोलणं सुरू झालं, "डॉक्टर आता भेटत नाहीत." याउलट कलकत्त्याचे डॉ. बिधानचंद्र रॉय बघा: १९२३ मध्ये सुरेंद्रनाथ बॅनर्जींसारख्या मुरब्बी नेत्याला हरवून बंगालच्या विधानपरिषदेत गेले, १९३१ मध्ये महापौर झाले, १९४८ पासून मरेपर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री. गांधीजींच्या उपोषणात तब्येत बघायला पुण्यात 'पर्णकुटी' बंगल्यावरही आले होते. आणि मुख्यमंत्री असतानाही ते रोज सकाळी पेशंट फुकट तपासायचे. आपल्याकडे डॉ. भागवत कराड औरंगाबादचे महापौर होते, पुढे राज्यसभेत आणि केंद्रात अर्थ राज्यमंत्री. डॉ. भारती पवार नाशिक जिल्हा परिषदेतून लोकसभेत पोचल्या. वॉर्डातून दिल्लीला वाट आहे. मला ती झेपली नाही, तो भाग निराळा.

मावशी परवा आल्या होत्या. बीपी १५०/९०, गोळ्या चुकवल्या होत्या. गटाराचंही विचारलं. मी चिठ्ठीच्या मागे नव्या नगरसेवकाचा नंबर लिहून दिला.