स्केल मॉडेल कार-ट्रकचं किट बनवताय? या चुका टाळा

मी एएमटी कंपनीचं पीटरबिल्ट ३५९ या अमेरिकन ट्रकचं १/२५ स्केलचं (म्हणजे खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं) प्लास्टिकचं किट बनवलं तेव्हा सगळं जोडून झाल्यावर ट्रक टेबलावर ठेवला आणि बघतो तर मागचं एक चाक हवेत. जास्त नाही, व्हिजिटिंग कार्ड सरकेल एवढीच फट, पण एकदा दिसली की दुसरं काही दिसतच नाही. मी दोन दिवस अ‍ॅक्सलच्या मागे लागलो होतो, अ‍ॅक्सल काढला, घासला, परत लावला, काही फरक नाही. मग नीट बघितल्यावर कळलं की अ‍ॅक्सल बिचारा सरळच आहे, चॅसिसच्या त्या दोन लांब पट्ट्या मी तीन आठवड्यांपूर्वी पलंगावर बसून मांडीवरच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या होत्या आणि फ्रेमला तेव्हाच पीळ बसला होता.

हे मुद्दाम आधी सांगतोय, कारण या छंदात चूक जिथे दिसते तिथे झालेली नसते, बहुतेक वेळा ती एक-दोन पायऱ्या मागे झालेली असते. डेकल (पाण्यात भिजवून लावायचं पातळ स्टिकर) खराब दिसतंय तर डेकलला दोष देऊ नका, खालचा रंग बघा. रंग सोलला तर रंगाच्या डब्याला शिव्या घालण्याआधी पार्ट धुतले होते का ते आठवा.

ट्रकची फ्रेम नेहमी काचेवर जोडायची. काचवाल्याकडून जाड काचेचा एक तुकडा कापून घ्या, कडा घासून द्यायला सांगा. दोन्ही पट्ट्या आणि मधले आडवे तुकडे त्यावर उभे करून दोन्ही बाजूंनी काहीतरी जड लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. फ्रेमला पीळ बसलाच असेल तर चांगल्या गरम पाण्यात (उकळत्या नाही, उकळत्यात प्लास्टिक कसंही वाकतं) थोडा वेळ धरून हळूच उलटा पीळ द्या आणि तसंच धरून लगेच थंड पाण्यात घाला. माझी फ्रेम अशीच सरळ झाली, पण त्यासाठी लावलेले निम्मे पार्ट आधी काढावे लागले.

सुरुवातीलाच होणाऱ्या चुका

किट उघडलं की थेट गोंद हातात घेऊ नका. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून जे तेलकट रसायन वापरतात ते पार्टवर राहिलेलं असू शकतं, आणि त्यावर रंग धरत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब, कोमट पाणी, जुना टूथब्रश, बस. स्प्रू (पार्ट ज्या प्लास्टिकच्या सांगाड्याला जोडलेले येतात तो) धुताना खाली गाळणी ठेवा, साइड मिरर एकदा मोरीत गेला की गेला.

पार्ट स्प्रूवरून हाताने पिळून तोडू नका, निपर (बारीक कटर) लावा, आणि तोही अगदी पार्टला चिकटून नाही. थोडा दांडा सोडून कापा, मग उरलेला ब्लेडने तासा. चिकटून कापलं की प्लास्टिक ओढलं जाऊन पांढरा डाग किंवा खड्डा पडतो.

कारच्या बॉडीवर साच्याची बारीक रेघ असते, बऱ्याचदा मडगार्डच्या वरून आणि छताच्या खांबांवरून गेलेली. नुसत्या प्लास्टिकवर ती दिसत नाही आणि चकचकीत रंग मारला की लगेच उठून दिसते. ब्लेडची पाठ हलकेच फिरवून ती खरवडा, मग ४००, ६००, १००० असे पॉलिशपेपर पाण्यात भिजवून मारा. दाराच्या आणि बॉनेटच्या रेषासुद्धा याच वेळी स्क्रायबरने (रेघ कोरायचं टोकदार हत्यार) थोड्या खोल करून घ्या, प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) असे तीन थर बसले की त्या भरतात आणि मग दार बॉडीवर नुसतं काढल्यासारखं दिसतं.

आणि रंगाआधी सगळं एकदा मास्किंग टेपने जोडून बघा. सगळं म्हणजे सगळं, आतलं टब (सीट बसतात तो भाग), डॅशबोर्ड, इंजिन, काच, चॅसिस. किती जण सुंदर रंगवलेली बॉडी चॅसिसवर बसत नाही म्हणून शेवटच्या दिवशी फाकवतात आणि मागच्या कमानीपाशी कट्‌कन आवाज येतो! कागदी सूचनांमध्ये सगळं बसतंच, खरं काय ते टेप सांगते.

गोंद

टामिया या जपानी कंपनीचा हिरव्या झाकणाचा एक्स्ट्रा थिन गोंद पाण्यासारखा पातळ असतो, तो पार्टला फासायचा नसतो. दोन पार्ट आधी एकमेकांना लावून धरायचे आणि फटीला नुसता ब्रश टेकवायचा, तो आपोआप आत ओढला जातो. फक्त बोट त्या फटीवर नको, कारण तो बोटाखालीही तसाच ओढला जातो आणि बॉडीवर तुमचा ठसा कोरला जातो. ठसा पडलाच तर पुसू नका! ओलं पुसलं की पसरतं, दिवसभर कडक होऊ द्या आणि मग पॉलिशपेपरने काढा.

काचेला सुपरग्लू नको. त्याची वाफ जवळच्या पारदर्शक प्लास्टिकवर पांढरी बसते, आणि तुम्ही बॉडी बंद करून ठेवली असेल तर आतून सगळ्या काचा धुरकट होतात, तिथे हातही पोचत नाही. काचेसाठी साधा पांढरा फेव्हिकॉल टूथपिकने लावा, वाळला की पारदर्शक होतो, जास्त झाला तर ओल्या इअरबडने पुसता येतो.

रंग, म्हणजे सगळ्यात जास्त रडारड

मी ठाण्यात राहतो, जून ते सप्टेंबर आमच्याकडे हवा कशी असते ते कोकणातल्या-मुंबईतल्या माणसाला सांगायला नको. जुलैत बाल्कनीत लॅकर (जहाल थिनरचा, पटकन वाळणारा रंग) स्प्रे मारला की रंगावर दुधासारखी साय येते. कारण असं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगात उतरतं. उपाय एकच नाही पण सोपे आहेत. पाऊस धरलेला असेल त्या दिवशी मारूच नका, थोडं ऊन पडून हवा कोरडी झाली की मारा. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं पेन) असेल तर हळू वाळणारा थिनर वापरा, लेव्हलिंग थिनर म्हणून मिळतो, आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर लावाच. साय आलीच असेल तर घासायची घाई नको, कोरड्या दिवशी त्यावरच त्या थिनरचा अगदी हलका फवारा दिला तर बऱ्याचदा निघून जाते.

स्प्रे कॅन आधी हाताला सोसेल इतक्याच कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवला तर रंग बारीक आणि एकसारखा येतो. गॅसवर, उकळत्या पाण्यात, उन्हात तापलेल्या गाडीत अजिबात नाही, कॅन फुटतो.

आता डब्यांची गल्लत. टामियाचं एक्स-२० आणि एक्स-२०ए ही वेगळी थिनर आहेत. एक्स-२० इनॅमलसाठी (तेलावर आधारलेला, सावकाश वाळणारा रंग), एक्स-२०ए अ‍ॅक्रिलिकसाठी (पाण्यात मिसळणारा रंग), एका अक्षराचा फरक, आणि चुकीचं घातलं की रंग दूध फाटल्यासारखा होतो. तसंच टीएस स्प्रे प्लास्टिक किटसाठी आणि पीएस स्प्रे रिमोट कारच्या पॉलिकार्बोनेट बॉडीसाठी, दुकानात शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि घाईत पीएस उचलला जातो. हार्डवेअरच्या दुकानातला एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर आणि स्वस्तातला स्प्रे आपल्या प्लास्टिकला फार कडक पडतो, पृष्ठभागावर बारीक तडे जातात, मग ते रंगाने झाकत नाहीत. कोणताही नवा रंग आधी प्लास्टिकच्या चमच्यावर मारून बघा. मी प्रत्येक चमच्यामागे मार्करने प्रायमर कोणता, रंग कोणता, तारीख काय ते लिहितो, असे चाळीसेक चमचे झालेत आणि त्यांनी माझ्या कितीतरी बॉड्या वाचवल्यात.

थरांचा क्रमही सांभाळा. इनॅमलवर लॅकर मारला की खालचा रंग सुरकुततो, तळलेल्या पापडासारखा. लॅकर आधी, पूर्ण वाळल्यावर इनॅमल वर, हे चालतं. वाळलं का ते बोटाने बघायचं नाही, नाकाने बघायचं, बॉडी नाकाजवळ धरली आणि रंगाचा वास आला तर अजून वाळलेलं नाही.

लाल प्लास्टिकमध्ये आलेल्या किटवर पांढरा रंग मारणार असाल तर सावध, लाल रंग खालून झिरपतो आणि चार दिवसांनी गाडी गुलाबी दिसायला लागते. आधी चंदेरीचा थर द्या, मग पांढरा प्रायमर. पिवळ्या गाडीला राखाडी प्रायमर नको, मळकी दिसते.

रंग बिघडलाच तर बॉडी टाकून देऊ नका. अ‍ॅक्रिलिक रंग डेटॉलमध्ये उतरतो, बंद डब्यात दिवसभर बुडवून ठेवा आणि हातमोजे घालून टूथब्रशने घासा. इथे एक चूक मी केलेली आहे, घासून झाल्यावर बॉडी थेट नळाखाली धरली, पाणी लागताच सुटलेला रंग आणि डेटॉल मिळून चिकट पांढरा लगदा झाला आणि जाळीच्या प्रत्येक भोकात जाऊन बसला. आधी स्वच्छ डेटॉलनेच खंगाळायचं, मग साबण, मग पाणी.

डेकल

डेकलच्या खाली चंदेरी-पांढुरकं दिसतंय? खालचा रंग मॅट होता. मॅट म्हणजे खडबडीत, त्या खळग्यांमध्ये हवा अडकते. म्हणून आधी ग्लॉस, मग डेकल, मग हवा तर वरून मॅट. डेकलवर क्लिअर मारताना पहिले दोन हात अगदी धुक्यासारखे द्या, टीएस-१३ सारखा जोरदार क्लिअर एकदम ओला मारला तर डेकल आक्रसतं.

जुन्या किटमधलं डेकल थेट पाण्यात टाकू नका, नको असलेला कोपऱ्यातला एखादा लोगो आधी भिजवून बघा. तुकडे झाले तर उरलेल्या शीटवर क्लिअरचा थर द्या, वाळू द्या आणि मग प्रत्येक डेकल कात्रीने जवळून कापा. पिवळं पडलं असेल तर पारदर्शक झिप पिशवीत घालून उन्हाच्या खिडकीला चिकटवा, काही दिवसांत बराच फरक पडतो.

स्वतःचं काही करायला जाताना

आपल्याकडच्या लोकांना आपल्या गाड्या करायच्या असतात आणि ते अगदी बरोबर आहे. पण स्केल आधी ठरवा. १/२४ आणि १/२५ जवळजवळ सारखंच म्हणून लोक पार्ट मिसळतात. चाकं, सीट, इंजिन चालून जातं. बॉडी नाही. अँबॅसेडरचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २,४६४ मिमी, १/२४ मध्ये तो १०२.७ मिमी होतो आणि १/२५ मध्ये ९८.६. चार मिलिमीटरचा फरक आहे, एकाची बॉडी दुसऱ्याच्या चॅसिसवर ठेवली की चाक कमानीच्या मधोमध न येता कडेला घासतं.

लाकडी बॉडीचा आपला ट्रक करताना मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’, कमळं, मोर हे सगळं घरच्या प्रिंटरवर डेकल पेपरवर छापता येतं, पण घरचा प्रिंटर पांढरा रंग छापत नाही हे कोणी सांगत नाही! पारदर्शक पेपरवर छापलेलं पिवळं कमळ स्क्रीनवर छान दिसतं आणि तपकिरी फाळक्यावर लावलं की गायब. गडद रंगावर लावायचं असेल तर पांढरा डेकल पेपर घ्या आणि आकाराला धरून कापा. इंकजेटवर छापलं तर पाण्यात घालण्याआधी क्लिअरचे दोन-तीन हात हवेतच, नाहीतर शाई वाहून जाते.

मोठं इंजिन घालताना बॉनेट लावून बघा, एअर क्लीनर वर लागतोच. क्रोम काढायचं असेल तर साध्या ब्लीचमध्ये पार्ट बुडवा, चमक थोड्या वेळात उतरते. पण ब्लीचमध्ये दुसरं काहीही मिसळू नका, विशेषतः अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर तर नाहीच, क्लोरीन वायू तयार होतो, छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. हे लहान मुलांबरोबर किट करणाऱ्यांनी दोनदा वाचा.

घेताना, देताना, बदलताना

सील नसलेलं किट घेताना नुसता बॉक्सचा फोटो बघून पैसे पाठवू नका. मी एकदा एकाकडून ट्रकचं किट घेतलं, सगळं पूर्ण आहे म्हणाला, घरी येऊन सूचनांच्या कागदाशी ताडलं तर क्रोमचा अख्खा स्प्रू नव्हता, म्हणजे ग्रिल नाही, टाक्या नाहीत, बंपर नाही. आता मी प्रत्येक स्प्रूचा वेगळा फोटो मागतो, आणि काच, टायर, डेकल, सूचना हे चार वेगळे. देणारा माणूस सरळ असेल तर पाठवतो.

बॉक्सच्या कडेला छापलेलं साल म्हणजे किटचं वय नव्हे. ते बऱ्याचदा कॉपीराइटचं साल असतं, साचा कितीतरी जुना असू शकतो. आणि ‘दुर्मिळ आहे’ म्हणून दुप्पट पैसे मोजण्याआधी तेच किट नव्या बॉक्समध्ये परत आलंय का ते बघा, अमेरिकन किटांचे जुने साचे वारंवार परत निघतात. बाहेरून मागवत असाल तर कस्टम ड्युटी आणि पोस्टेज धरूनच भाव करा, नाहीतर स्वस्त किट दारात येईपर्यंत महाग झालेलं असतं.

टायरची गोष्ट घेणाऱ्याने आणि देणाऱ्याने दोघांनीही लक्षात ठेवा. जुन्या किटमधल्या मऊ विनाइल टायरमधलं रसायन बाहेर येतं आणि ज्या प्लास्टिकला टेकलेलं असतं ते वितळवतं. मी उघडलेल्या एका जुन्या बॉक्समध्ये पुढच्या काचेवर टायरच्या नक्षीचा अर्धा गोल जसाच्या तसा उमटलेला होता, खाचांसकट, बोट फिरवलं तर हाताला लागायचा. ती काच पॉलिश करून सुटण्यासारखी नव्हती, पारदर्शक शीटमधून नवी कापावी लागली. म्हणून किट घरात आलं की पहिल्याच दिवशी टायर वेगळ्या झिप पिशवीत काढून ठेवा, आणि बनवताना रिमवर रंगाचा किंवा फॉइलचा थर असल्याशिवाय टायर चढवू नका.

बनवलेलं मॉडेल कुरियरने पाठवताना आरसे, एक्झॉस्टच्या नळ्या, वायपर काढता येत असतील तर काढून वेगळ्या डबीत द्या. मॉडेल चॅसिसखालून स्क्रूने लाकडी पट्टीला घट्ट बसवा, बॉडीला बबल रॅप थेट गुंडाळू नका, नव्या रंगावर त्याचे गोल ठसे उठतात. आधी टिश्यू, मग स्पंज, मग डबा, आणि तो डबा दुसऱ्या मोठ्या खोक्यात, मधे चुरगळलेले पेपर. पॅक झालं की खोकं कानाजवळ धरून हलवून बघा, आत जरा जरी खडखडलं तर परत उघडा.