गराडू लावताय? आधी खड्ड्याचा तळ फोडा

मागच्या वर्षी इंदूरजवळच्या राऊच्या पुढे दादाच्या शेतात पंधरा खड्डे गराडू (वेलीखाली जमिनीत वाढणारा, तळून खायचा कंद) लावले आणि जानेवारीत जे निघाले ते बघून वहिनीने सुरीच बाजूला ठेवली. हाताच्या पंजासारखे चपटे, फाटे फुटलेले कंद, बेचक्यांमधे काळी माती गच्च बसलेली, सोलता सोलता अर्धा माल सालीबरोबर गेला आणि उरलेला तळला तर वरून लाल, आत ओला चिकट. बेणं चांगलं होतं, खोट खड्ड्यात होती. म्हणून या वेळी तयारी लिहूनच काढतेय, तुमच्यापैकी कोणी लावणार असेल तर तुम्हालाही कामाला येईल.

पहिलं बेणं. गराडू बीपासून नाही, कंदाच्या तुकड्यापासून येतो, म्हणजे जो कंद कापाल त्याचीच नक्कल उगवते, चव, रंग, काळं पडायची सवय सगळं तसंच. त्यामुळे इंदूरच्या चोइथराम मंडीतून नुसतं वजन करून आणू नका. एक कंद आधी घरी आणा, कापा, दहा मिनिटं ठेवा. कापलेली बाजू भराभर तपकिरी झाली तर तो बेण्याला नको. मग तळून बघा, पिठूळ कोरडा असेल तर कुरकुरीत होतो आणि तेलही कमी पितो, पाणचट असेल तर इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊगल्लीसारखा दोनदा दाबून तळला तरी मऊच राहणार, वर कितीही जीरावन मसाला घाला. (पुण्याच्या काकूला फोनवर सांगताना दर वेळी घोळ होतो, गुजरातेत रताळू म्हणजे याच जातीचा जांभळा कंद, आपल्या मराठीत रताळं म्हणजे शकरकंद. कोकणातल्यांना कोनफळ म्हणा, लगेच कळतं.) आकारसुद्धा बराचसा वाणावर असतो. तिरुअनंतपुरमच्या केंद्रीय कंद पीक संशोधन संस्थेचे श्री कीर्ती, श्री रूपा असे वाण आहेत, श्री शिल्पा हा त्यांचा गराडूतला पहिला संकरित वाण, कंद मध्यम आणि गुळगुळीत. मिळाला तर घ्या, नाहीतर गावठीतलाच सरळ, कमी फाट्यांचा कंद निवडा. तुकडे 200-250 ग्रॅमचे, प्रत्येकाला साल हवी, कापलेल्या बाजूला राख, सावलीत सुकवा. शेपटाकडचा भाग सगळ्यात कोवळा असतो, तो बेण्याला ठेवू नका.

आता खड्डा. 45 सेंटिमीटर लांब, रुंद, खोल, दोन खड्ड्यांत 90 सेंटिमीटर, हे सगळे सांगतात आणि मी तेवढंच केलं. पहिला पाऊस पडून गेल्यावर ओल्या मातीत कुदळ मारली, शेणखत घातलं, माती लोटली, झालं. पण आपली माळव्याची काळी माती ओली खणली की खड्ड्याच्या भिंती आणि तळ लिंपल्यासारखे गुळगुळीत होतात, वर मऊ माती आणि खाली परात. जुलैत त्या परातीत पाणी साचलं, पानं पिवळी पडली, मला वाटलं खत कमी पडलं म्हणून वरून युरिया दिला, ती दुसरी चूक. पुढे दिवस लहान व्हायला लागले की वेल जोरात कंद भरते, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, आणि नेमकी तेव्हाच पाऊस गेल्यावर काळी माती विटेसारखी आवळते. कंद खाली जायला बघतो, कडक तळाला टेकतो, मग आडवा पसरतो आणि फाटे फोडतो. वाण कितीही सरळ असो, तळ कडक असेल तर कंद वाकडाच.

म्हणून मे महिन्यात, माती कोरडी असतानाच खणा, आणि 45 सेंटिमीटर झाले की थांबू नका, सब्बल (पहार) घेऊन आणखी फूटभर तळ फोडा. काढायची गरज नाही, नुसता भुगा करा. सब्बल जड आहे, माझ्याच्याने होत नाही, मी भाच्याला बोलावलं. तळ फोडल्यावर किलोभर कुजलेलं शेणखत, थोडी मुरमाड माती, आणि वर फूटभर उंच ढिगारा, खड्डा बुजवून सपाट अजिबात करू नका. शेजारून पाण्याला चर. एवढं करून बेणं लावायच्या आधी प्रत्येक खड्ड्यात काठी खुपसून बघा, अडकली तर तळ फुटलेला नाही, परत फोडा.

लावल्या लावल्या वर पालापाचोळा, जाड. मांडव किंवा बांबू आधीच. युरिया बेतानं, जास्त झाला की पाला माजतो आणि कंद पाणचट होतो, पोटॅश मात्र विसरू नका. पानांवर काळे डाग पसरताना दिसले तर लगेच कृषी केंद्रात पान दाखवा, वेल लवकर मेली तर कंद भरतच नाही. आणि तळ फोडलाय ना? वेल लावल्यावर काही करता येत नाही, म्हणून परत विचारतेय.

वेल पिवळी पडली की पाणी बंद, पूर्ण वाळू द्या, हिरव्या वेलीखालचा कंद खणायचा नाही. काढल्यावर धुवू नका, फ्रिजमधे नको, 12 अंशांच्या खाली आतून खराब होतो, आणि आपल्याकडे जानेवारीच्या रात्री त्याहूनही गार असतात तर ओसरीत न ठेवता घरात टोपलीत.

पंधरापैकी आठ खड्ड्यांचे तळ फोडून झालेत, उरलेले सात रविवारी.