अंदमानात चार रात्री, एकच रिसॉर्ट: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कुटुंबांसाठी आखणी

गोवा आपल्या दाराशी आहे. चोर्ला घाट उतरला की समुद्र आलाच. त्यामुळे नुसत्या लाटा बघायला अंदमानपर्यंत जाण्यात अर्थ नाही. तिथे जायचे ते उथळ, नितळ पाण्यातले प्रवाळ बघायला आणि पोरांना, म्हाताऱ्यांना घेऊन एका जागी निवांत बसायला. नेमके हे दुसरे काम बहुतेक पॅकेजमध्ये होत नाही. पाच रात्रींत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील आणि वर बाराटांगही कोंबलेले असते. बेट बदलले की अर्धा दिवस जातो: सकाळी खोली सोडा, तासभर आधी धक्क्यावर पोचा, बोट, परत सामान, परत दुपारपर्यंत खोलीची वाट. दोनदा बेट बदलले तर एक पूर्ण दिवस सामानामागे गेला.

म्हणून आखणी अशी ठेवा: एक रात्र पोर्ट ब्लेअर, सलग चार रात्री हॅवलॉकला एकाच रिसॉर्टमध्ये, शेवटची रात्र पुन्हा पोर्ट ब्लेअर. नील बेट सुंदर आहे, पण ते पुढच्या वेळी. एक लक्षात असू द्या, हॅवलॉकचे सरकारी नाव डिसेंबर 2018 पासून स्वराज द्वीप आहे आणि पोर्ट ब्लेअरचे 2024 पासून श्री विजयपुरम. तिकिटावर, बोटीच्या फलकावर यांपैकी कोणतेही नाव दिसू शकते.

तारीख कशी धरायची

आपल्याकडे दसरा झाला की पाऊस संपला असे आपण धरतो. अंदमानला ते लागू नाही. तिथे मे ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी पाऊस असतो, आणि मग ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ईशान्येकडचा. बंगालच्या उपसागरातली वादळेही याच काळात उठतात. कर्नाटकातल्या शाळांची दसऱ्याची सुट्टी या काळात येते, दिवाळीही याच काळात. तेव्हा विमान स्वस्त मिळाले तरी बोट रद्द होण्याची भीती राहते, आणि पाणी गढूळ असेल तर प्रवाळ बघण्यात राम नाही.

जानेवारी ते एप्रिल हा सर्वात शांत काळ. पण पोरांची शाळा. इथे आपल्याला एक फायदा आहे: आपल्या शाळांची उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लागते. मराठी माध्यम असो वा कन्नड, वेळापत्रक तेच. एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मेचे पहिले दोन-तीन दिवस ही आपली खिडकी. उकाडा असतो, पण समुद्र बहुधा स्थिर असतो. मेच्या मध्यावर ढकलू नका.

आता तिथी. हे पॅकेजवाला सांगत नाही, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. अंदमानात तेव्हा भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास जातो आणि ओहोटीला पाणी लांब मागे हटते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, फरक निम्म्याहून कमी. हॅवलॉकची बरीच रिसॉर्ट पूर्व किनाऱ्यावर आहेत, गोविंदनगर, विजयनगर, कालापथ्थर या बाजूला. तिथे उधाणाच्या ओहोटीला समोर पाण्याऐवजी मेलेल्या प्रवाळाचे काळे खडक उघडे पडतात. जाहिरातीतला फोटो भरतीचा असतो, हे सांगायला नकोच. म्हणून सप्तमी ते दशमी हे दिवस हॅवलॉकच्या चार दिवसांत पडतील असे बघा. शुद्ध पक्ष मिळाला तर संध्याकाळी डोक्यावर अर्धा चंद्रही असतो. तिथी जुळली नाही तरी जा, फक्त रोज भरतीच्या वेळा रिसॉर्टमध्ये विचारून घ्या. ती वेळ रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही.

रिसॉर्टला फोन करून काय विचारायचे

ऑनलाइन नोंदणी करा, पण आधी फोन करा. पहिला प्रश्न: "ओहोटीला समोर पोहता येतं का?" उत्तर गुळमुळीत आले तर येत नाही असे समजा. मग ठरवा. पूर्व किनारा घ्यायला हरकत नाही, कारण तिथे सूर्योदय समोर असतो, धक्का आणि बाजार जवळ असतो, आणि पोहायला राधानगरला जाता येते. राधानगर पश्चिमेला, धक्क्यापासून साधारण 12 किलोमीटर. तिथली रिसॉर्ट महाग, पण उतरती वाळू आणि पाणी दाराशी. आजी-आजोबा सोबत असतील आणि खर्च झेपत असेल तर राधानगरच बरे.

पुढचे प्रश्न भराभर: तळमजल्यावर खोली मिळेल का, खोलीपर्यंत किती पायऱ्या, वीज गेली तर जनरेटरवर एसी चालतो की नुसते दिवे-पंखे, पाच वर्षांवरच्या मुलाचे वेगळे पैसे किती, जादा गादी जमिनीवर की पलंग. सहा माणसांना एक मोठी खोली घेण्यापेक्षा शेजारच्या दोन साध्या खोल्या घ्या. दोन न्हाणीघरे मिळतात, आणि वाळूने माखलेली चार माणसे एकाच दारात रांग लावत नाहीत.

जेवणाचे नीट ठरवा. नाश्ता आणि रात्रीचे जेवण रिसॉर्टमध्ये, दुपारचे बाहेर किंवा हलके, ही पद्धत कुटुंबाला सोयीची. हॅवलॉकवर वस्ती मुख्यत्वे बंगाली निर्वासितांची, 1950च्या दशकात वसवलेली. त्यामुळे घरगुती खानावळीत भात, डाळ, मोहरीतला मासा उत्तम मिळतो. घरात शाकाहारी किंवा कांदा-लसूण न खाणारे कोणी असेल तर वेगळ्या भांड्यात करतात का ते आधीच विचारा. भाकरीची आशा ठेवू नका.

जायचे कसे

बेंगळुरूहून पोर्ट ब्लेअरला थेट विमान आहे, वेळ अडीच तासांच्या आसपास. चेन्नई, हैदराबाद, कोलकात्याहूनही आहे. आपल्याला बेंगळुरू सर्वात सरळ. अडचण अशी की तिकडची विमाने बहुतेक सकाळची असतात, आणि बेळगावहून रात्रीच्या रेल्वेने निघालात तर बेंगळुरूला सकाळी उतरता. स्टेशनपासून देवनहळ्ळीचा विमानतळ 35 किलोमीटरच्या वर आहे, वाहतूक धरून दीड-दोन तास. गाडी उशिरा आली की विमान गेले. म्हणून आदल्या दिवशी सकाळच्या वंदे भारतने किंवा सांबऱ्याहून विमानाने बेंगळुरू गाठा, रात्री विमानतळाजवळ मुक्काम करा. निपाणी-चिकोडीकडच्यांनी कोल्हापूर विमानतळाचेही भाडे बघावे.

नोंदणीचा क्रम महत्त्वाचा: आधी रिसॉर्ट, पण फुकट रद्द करता येईल असा दर घेऊन. मग लगेच विमान. मग बोट. बोटीची तिकिटे उशिरा खुली होतात, रोज बघत राहा.

नावांच्या स्पेलिंगकडे सीमाभागातल्या लोकांनी खास लक्ष द्यावे. आधारवर नाव कन्नडवरून इंग्रजीत आलेले, शाळेच्या दाखल्यावर मराठीवरून, कुठे वडिलांचे नाव पूर्ण तर कुठे नुसते आद्याक्षर. विमान आणि बोट दोन्हींची तिकिटे आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणेच काढा. पोरांचेही आधार सोबत ठेवा. भारतीयांना हॅवलॉकला वेगळा परवाना लागत नाही.

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी वेगवान बोटीला दीड तासाच्या आसपास लागतो, सरकारी बोटीला त्याहून जास्त. तिकिटावर धक्का कोणता आहे ते बघा, फिनिक्स बे की हॅडो. रिक्षावाल्याला नुसते "जेटी" म्हणालात तर भलतीकडे उतराल. आणि बोट व परतीचे विमान एकाच दिवशी कधीही ठेवू नका. हवामान बिघडले की बोटी थांबतात. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवायची ती याचसाठी.

पहिल्या दिवशी दुपारी सेल्युलर जेल बघून घ्या. 1906 मध्ये बांधून पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात भुजांपैकी आज तीन उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे, जिना चढावा लागतो. गुडघे दुखणाऱ्यांनी अंगणात बसावे. बंद असण्याचा वार आधी पाहून ठेवा.

बोट लागणाऱ्यांसाठी: मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून न्या आणि निघण्याआधी अर्धा ते एक तास घ्या. उलटी सुरू झाल्यावर गोळीचा उपयोग नाही. खालच्या मजल्यावर, मध्यभागी बसा. मोबाइल बघू नका. आधी पुरी-भाजी हाणू नका. दोन इडल्या आणि तोंडात आलेपाक पुरे.

घड्याळ बदला

याच एका गोष्टीवर अख्खी सहल बिघडते किंवा जमते. अंदमान आपल्यापेक्षा रेखांशाने 18 अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ भारताचेच. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे तिथे सूर्य बेळगावपेक्षा सुमारे सव्वा तास आधी धावतो. एप्रिलअखेर पाच-सव्वापाचला उजाडते, साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. खरी माध्यान्ह साडेबाराची नव्हे, साडेअकराच्याही आधीची. सकाळी आरामात नऊला नाश्ता करून दहाला पाण्यात उतरणारे लोक भाजून निघतात आणि दुपारी चारला चहा पिऊन राधानगरला निघणाऱ्यांना जेमतेम सूर्यास्त मिळतो.

दिवस असा लावा. साडेपाचला उठून चहा, सहा ते साडेआठ पाण्यात. मग पोटभर नाश्ता. साडेनऊ ते दोन सावलीत: झोप, पत्ते, पुस्तक. अडीचला बाहेर. साताला जेवण, नऊला झोप. पहिल्या दिवशी पोरे कुरकुरतात, दुसऱ्या दिवसापासून आपोआप उठतात.

सनस्क्रीन किती न्यायचे याचा अंदाज लोक फार चुकवतात. मोठ्या माणसाच्या उघड्या अंगाला एका वेळी सुमारे 30 मिली लागते, दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा. चौघांना चार दिवस पुरवायचे तर बाटल्याच बाटल्या. त्यापेक्षा सगळ्यांना पूर्ण बाह्यांचे पोहायचे कपडे घ्या. मग चेहरा, मान, हात, पाय एवढेच उरते. झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन प्रवाळालाही कमी त्रासाचे.

पाण्यात

राधानगरला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्याचे मानांकन मिळाले. कपडे बदलायची सोय आणि जीवरक्षक आहेत. रिक्षा थांबवून ठेवा, अंधार पडल्यावर परतीची मिळायला त्रास होतो. पोहायच्या खुणांच्या आतच राहा. खाऱ्या पाण्यातल्या मगरी ही तिथली खरी गोष्ट आहे: 2010 मध्ये राधानगर भागात एका पर्यटक महिलेचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. ओढ्याची तोंडे, खारफुटीची कड आणि अंधारातले पाणी टाळायचे. मगरीचा फलक लावलेला असेल तर तिथे वाद घालायचा नाही.

प्रवाळ बघायला एलिफंट बीच. धक्क्यावरून छोट्या बोटीने जातात. सकाळची पहिली फेरी घ्या, पाणी तेव्हा स्वच्छ असते. मास्क निवडताना पट्टा न लावता तोंडावर दाबा आणि नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. दाट मिशी असेल तर पाणी शिरणारच, वरच्या ओठाला थोडे व्हॅसलीन लावा. लहान मुलांना मोठ्यांचा मास्क बसत नाही, त्यांचा घरूनच न्या. पायाने प्रवाळावर उभे राहू नका. ते मरते आणि तळवा कापतो. कापला तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुवून जंतुनाशक लावा, ही जखम चिघळते लवकर.

स्कूबाला, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरायला, साधारणपणे वय 10 पूर्ण लागते. दमा, कानाचा त्रास, हृदयविकार असेल तर लपवू नका. आणि स्कूबा शेवटच्या दिवशी ठेवू नका. त्यानंतर विमानाआधी 18 ते 24 तास जायला हवेत.

वाळूतल्या बारीक माश्या संध्याकाळी पायांना चावतात आणि आठवडाभर खाज राहते. पोटऱ्यांना खोबरेल तेलाचा जाड थर लावा, वाळूवर थेट न बसता खुर्ची किंवा चटई घ्या.

सामान

विमानात बहुधा माणशी 15 किलो सामान आणि 7 किलो हातातली पिशवी. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानात चालत नाहीत. लोणचे आणि चटण्या हातातल्या पिशवीत नकोत, मोठ्या बॅगेत. पॉवर बँक उलट, ती हातातच. खाऊ म्हणून गोकाकचा करदंट उत्तम टिकतो. कुंदा उकाड्यात लवकर संपवा. नेहमीची औषधे दोन दिवस जास्त न्या, ओआरएसची दहा पाकिटे ठेवा. हॅवलॉकवर प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच. रोख रक्कमही बाळगा, एटीएम मोजकी आहेत आणि नेटवर्क गेले की यूपीआय थांबते.

परतताना पोरांचे खिसे तपासा. प्रवाळाचा तुकडा उचलणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, विमानतळावर बॅगेत दिसतो आणि जप्त होतो. शंख-शिंपले दुकानातून घेतले तर पावती जपा. पोहण्याचे कपडे शेवटच्या संध्याकाळी न भिजवता आदल्या दिवशीच वाळवा. ओल्या कपड्यांनी बॅगेचे वजन दोन-तीन किलोंनी वाढते आणि जादा किलोचे पैसे काउंटरवर भरावे लागतात. बेंगळुरूला दुपारी उतरलात तर त्याच रात्रीची बेळगावची गाडी आरामात मिळते, तिचे आरक्षण मात्र निघण्यापूर्वीच करून ठेवा.